बाराव्या पिशवीवरचा शिक्का

पालव,

परवा तुझ्या तेराव्याला मी पुन्हा गप्प बसलो. गप्प म्हणजे तोंड चालूच होतं, माझं तोंड तुला माहीत आहे. श्रीखंडाची दुसरी वाटी हातात घेऊन मी तुझे किस्से सांगत होतो आणि पंतनगरच्या तुझ्या त्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसलेली माणसं हसत होती. तेवढ्यात तुझी मनाली म्हणाली, "काका, तो रांगोळीचा सांगा ना. बाबांनी लाखेचा शिक्का मारला तो!" आणि माझी वाट न बघता तिनेच सांगितला. तुझ्या आवाजात, तुझे हातवारे करून, तू मध्येच थांबून चष्मा वर करायचास तेही करून. वहिनी डोळे पुसत हसल्या. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

तो शिक्का मी मारला होता. हे दोघांना माहीत होतं, तुला आणि मला. आता एकालाच माहीत आहे, आणि हा एकटेपणा मला झेपत नाहीये. दमलोय रे.

हे छापायला देणार आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. तुला कंटाळा येईल, पण आता तुला उठून जाता येत नाही. तर आपण दोघं अंधेरीत, विमानतळाच्या मालवाहू भागाशेजारच्या ऑफिसात, कुरियरने परदेशी जाणारे अमली पदार्थ पकडायच्या कामावर होतो. तू गिरणी कामगाराचा मुलगा, मूळचा मालवणकडचा, सहा फूट उंच, कमी बोलणारा. मी पार्ल्याचा बापट, पाच फूट चार इंच, आणि बाकीची उंची बोलून भरून काढणारा. तुझ्या नावावर एकही चूक नव्हती. माझ्या नावावर मेतकूट होतं.

मेतकुटाचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. पार्ल्यातल्या एका बाईंनी परदेशातल्या मुलाला पाठवलेला डबा मी 'संशयास्पद पिवळी भुकटी' म्हणून जप्त केला. जागच्या जागी चाचणी करायची जी पेटी असते, तिच्यातला रंग बदलला असं मला वाटलं. तुला वाटलं नव्हतं. "बापट्या, वास घे. जिरं, हिंग. भाताबरोबर खातात ते," तू म्हणालास. मी म्हणालो, तस्कर फार हुशार झालेत. प्रयोगशाळेचं उत्तर आलं: हरभरा डाळ, तांदूळ, हळद, हिंग. बाई शाळेत मला भूगोल शिकवायला होत्या हे तेव्हा कळलं. त्यांनी तक्रार केली ती थेट वरपर्यंत. माझ्यावर खात्याची चौकशी बसली आणि ती बसूनच राहिली.

तुझं खरं काम फोनवर चालायचं. दुसऱ्या देशाकडून माहिती हवी असली की आपलं पत्र साहेबांकडे, तिथून दिल्लीला, दिल्लीहून आणखी कुठे, मग समुद्रापार, आणि उत्तर त्याच वाटेने परत. तोवर पार्सल घेणाऱ्याने घर बदललेलं असायचं. कागद त्याच्या वाटेने जायचाच, तू तो कधी टाळला नाहीस. पण कागदाच्या आधी तू माणूस गाठून ठेवायचास. तिकडच्या एका बंदराच्या शहरात तुझी इंग्रिड होती, त्यांच्या अमली पदार्थ पथकातली. देशाचं नाव लिहीत नाही, सवय. तू तिला इंगळेबाई म्हणायचास. "इंगळेबाईंचा फोन येऊन गेला का?" असं तू इतक्या सहज विचारायचास, की आपल्या आवक-जावकच्या कारकुनाला त्या डोंबिवलीच्या वाटायच्या. आणि तुझं ते इंग्रजी! "मॅडम, गुड मॉर्निंग, हाऊ इज डॉग?" आधी कुत्रा, मग तिच्या आईचा गुडघा, मग पार्सल. मी चेष्टा करायचो. तू म्हणायचास, "अरे, उद्या ती माझ्या शब्दावर सहा माणसं दारात उभी करणार. तिला माझा आवाज तरी ओळखीचा नको?"

तिने पाठवलेल्या त्या काळ्या खारट गोळ्या आठवतात? मी पहिली तोंडात टाकली आणि कचऱ्याच्या टोपलीकडे धावलो. तू पूर्ण खाल्लीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत चघळलीस, आणि फोन उचलून म्हणालास, "मॅडम, व्हेरी नाइस. माय फ्रेंड बापट वॉन्ट्स मोअर." पुढे दर वर्षी माझ्या नावाने पुडा यायचा.

आणि तुझी ती पोच. पहिल्यांदा मी तिच्या ऑफिसला, एक पार्सल मुद्दाम पुढे जाऊ देऊन तिकडे घेणाऱ्याला धरायचा प्रस्ताव पाठवला, त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, 'मिळालं'. मी उड्या मारत साहेबांना सांगितलं, मंजुरी आली, आणि पार्सल सोडलं. तू धावत जाऊन ते विमानात चढण्याआधी उतरवून घेतलंस. शर्ट घामाने चिकटलेला, चष्मा नाकाच्या टोकावर. ओरडला नाहीस. म्हणालास, "बापट्या, पोच म्हणजे होकार नाय रे. नकार पण नाय. मिळालं, एवढंच." पण ती पोच तुला सगळ्याची लागायची. वहिनींनी माझ्या घरी कोकमं पाठवली की बरोबर चिठ्ठी, आणि मी तिच्या कोपऱ्यात 'मिळाली' लिहून, सही करून, तारीख घालून परत पाठवायची. "न्हायतर कोकमं गेलीच नाहीत असं मी धरणार," असा तुझा दम.

मग ते रांगोळीचं पार्सल.

बारा पिशव्या, वर 'शुभ्र रांगोळी' असा छाप, आत रांगोळी नव्हतीच. मी म्हणालो, पकडू, पाठवणारा अंधेरीतच आहे, काम संपलं. तू म्हणालास, पाठवणारा कुठे जातोय, घेणारा कोण ते बघू. आपलं हे भांडण जुनं. तुझी पद्धत अशी, की आतला माल काढून घ्यायचा, त्या जागी निरुपद्रवी काहीतरी भरायचं, आणि काहीच घडलं नाही अशा थाटात पार्सल पुढे जाऊ द्यायचं. तिकडे पोलीस दबा धरून बसतात आणि पार्सल ज्याच्याकडे पोचतं त्याला धरतात. माझं म्हणणं, हातातलं सोडून तिकडच्यांच्या भरवशावर कशाला बसायचं? फोटो त्यांचा छापून येणार, आपल्या हाती काय? "पोच," तू म्हणालास.

वरून रीतसर परवानगी आली, तिकडूनही आली. घाटकोपरच्या बाजारात आपण रांगोळी आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, बारा पिशव्या? आणि सगळी पांढरी? रंग नको?"

"नको. साधं लग्न आहे," तू म्हणालास.

"एखादी लाल तरी घ्या. शुभ असतं."

तू हसून नको म्हणालास. लाल शेवटी मीच लावला.

त्या दुपारी दोन टेबलं होती. एका टेबलावर जप्त केलेला माल, कापडात शिवायचा आणि लाखेने मोहोरबंद करायचा. दुसऱ्यावर खऱ्या रांगोळीच्या पिशव्या, त्यांना काहीच करायचं नव्हतं. पितळी शिक्का ज्या अधिकाऱ्याने सकाळी सही करून घेतला, त्याच्याच ताब्यात राहायला हवा हा नियम. सही तुझी होती. पण इंगळेबाईंचा फोन आला, आत रेंज नव्हती, आणि तू शिक्का माझ्या हातात देऊन व्हरांड्यात गेलास. उभ्या जन्मात तू मोडलेला तेवढा एकच नियम. कारण समोर मी होतो, तुझा मित्र.

आणि मित्र काय करत होता? पंचांना मेतकुटाचा किस्सा सांगत होता. पंच हसत होते, मला चढ येत होता, मेणबत्तीवर लाख वितळत होती. थेंब, शिक्का. थेंब, शिक्का. रांगोळीची एक पिशवी खालून जराशी फाटली होती, ती चिकटपट्टी लावायला माझ्या टेबलावर आलेली. मी पट्टी लावली. आणि इतक्या वर्षांचा हात, बांधलेलं काही पुढ्यात दिसलं की त्याला थांबता येत नाही. थेंब, शिक्का. पिशवीच्या बुडाला, लालभडक, खात्याच्या मुद्रेसकट. मग ती सरळ उभी करून मी बाकीच्या अकरांबरोबर खोक्यात ठेवली. भूगोलाच्या बाईंवर येऊन किस्सा संपला तेव्हा सगळ्यात जास्त हसलो तो मीच.

तिकडे एका छोट्या दुकानात पार्सल पोचलं. इंगळेबाईंची माणसं बाहेर, कारण त्यांना दुकानदार नको होता, त्याच्याकडून माल न्यायला येणारा मोठा माणूस हवा होता. दुकानदाराने पिशव्या एकेक करून बाहेर काढल्या. बारावी उलटी झाली. त्याने तो शिक्का पाहिला, पिशवी हळूच खाली ठेवली आणि एक फोन केला. मोठा माणूस आलाच नाही. त्याच्यामागचे तिचे सहा महिने गेले. दुकानदाराने शांतपणे सांगितलं, मी भारतातून रांगोळी मागवली होती. आणि पालव, त्याच्याकडे रांगोळीच निघाली! बारा पिशव्या, एक नंबर, घाटकोपरची.

इंगळेबाई फोनवर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?"

साहेबांनी दोघांना उभं केलं. शिक्का कुणी मारला? मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण तू आधी बोललास. "साहेब, त्या दिवशी शिक्का माझ्या ताब्यात होता." तेच लिहून दिलंस. एक वाक्य, आणि त्यात एक अक्षर खोटं नाही.

बाहेर आल्यावर मी तुझा हात धरला. "अरे, असं काय करतोस?"

"गप रव. मेतकूट अजून चालू आहे तुझं. हे दुसरं लागलं तर घरी बसशील."

"आणि तुझं पोस्टिंग?"

"जातंय कुठे? पुढच्या वर्षी."

त्याच देशात, आपल्या खात्याचा माणूस म्हणून, दोन वर्षं. निवड झाली होती. मुलुंडच्या तुझ्या मेव्हण्याने जाडजूड लोकरीचं जॅकेट आणून दिलं होतं. पुढचं वर्ष आलं नाही, पोस्टिंगही आलं नाही, आणि तुला रेकॉर्डमध्ये बसवलं. तूच तो माणूस होतास, ज्याचा आवाज समुद्रापलीकडे ओळखला जायचा. तुला जुन्या फायलींची धूळ झटकायला लावली.

यापुढचं सांगताना मला नेहमीसारखी गंमत आणता येत नाहीये. तिकडे तीन आठवड्यांचं प्रशिक्षण निघालं, आणि मेतकुटाची चौकशी समज देऊन मिटली असल्यामुळे खात्याने पाठवलं ते मला. तू स्वतः अंधेरीला येऊन जॅकेट दिलंस. "थंडी असते म्हणे. बाह्या दुमडून घाल." त्या बाह्या तीन वेळा दुमडाव्या लागल्या. इंगळेबाई घ्यायला आल्या. त्यांच्या टेबलावर तू पाठवलेला कोकमाचा डबा होता, पेनं ठेवायला घेतलेला. त्यांनी विचारलं, "पालव इतका काळजीपूर्वक काम करणारा माणूस. हे झालं कसं?"

तुझ्या जॅकेटात उभा राहून मी म्हणालो, "होतं कधी कधी."

मग दोन वर्षांनी एका दुपारी तुझा फोन आला. "बापट्या, इंगळेबाईंनी धरला रे. तोच, मोठा." रेकॉर्डमध्ये बसून तू जुन्या कुरियर पावत्या चाळत होतास, एकच पत्ता निरनिराळ्या नावांनी येतोय हे तुला दिसलं, साहेबांकडून रीतसर पत्र गेलं आणि मागोमाग तुझा फोन, आधी कुत्र्याची चौकशी करून. मी विचारलं, आपल्याला काय मिळालं? तुझं उत्तर मला पाठ होतं, तरी विचारलं. तू म्हणालास, "पोच आली. आणि काळ्या गोळ्या."

आपलं भांडण राहिलंच की रे. मी अजून म्हणतो, हातातलं पकडावं. रांगोळी गेली, आता दुसऱ्या कशात तरी भरून जातं. आपल्या जागी आलेली पोरं पकडतात, आपण पेपरात वाचतो. किती अडलं, किती निसटलं, कोण सांगणार? तू म्हणायचास, "अडलं ते दिसत नाही, म्हणून तुला निसटलेलंच दिसतं." त्यावर मला उत्तर सुचायचं नाही. आता सुचलं तरी ऐकायला तू कुठे आहेस?

शेवटचं भेटलो ते तुझ्याच घरी. मी सुरुवात केली, "पालव, ते शिक्क्याचं..." तू म्हणालास, "चहा घे, थंड होतोय." मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. घरी तू वहिनींना काय सांगितलंस, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं. ते परवा मनालीच्या तोंडून कळलं. पोस्टिंग का गेलं हे त्यांना सांगावं तर लागणारच, मग तू त्याचा किस्सा केलास, स्वतःला वेडा ठरवून, अगदी माझ्या पद्धतीने. माझी चूक घेतलीस ती घेतलीस, माझा किस्सापण घेतलास. आणि माझ्यापेक्षा चांगला सांगितलास.

तू गेल्याचं मी इंगळेबाईंना कळवलं. त्यांचं लांब पत्र आलं. शेवटी विचारलंय: शिक्क्याचं काय झालं होतं? मी त्याला तीनदा विचारलं, तो फक्त म्हणायचा, माझ्या ताब्यात होता. तू त्याचा मित्र. तुला माहीत असेल.

इथपर्यंतची पानं आणि इतकी वर्षं माझ्याकडेच राहिलेलं तुझं जॅकेट घेऊन मी आज पंतनगरला गेलो. पुढचं परत येऊन लिहितोय.

वहिनींनी खिडकीशी बसून सगळं वाचलं. मनाली त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. ती आधी बोलली.

"काका, म्हणजे परवा मी सांगत होते तेव्हा..."

"हो."

"आणि तुम्ही हसत होतात."

"हो."

ती आत गेली. मी होतो तोवर बाहेर आली नाही.

वहिनींनी पानं नीट जुळवली. "भावजी, मी पासपोर्टचे फोटो काढले होते. मनालीसाठी इंगळेबाईंनी शाळा बघून ठेवली होती तिथे." मग म्हणाल्या, "ह्यांना राग होता का तुमचा?"

"माहीत नाही. त्यांनी विषयच काढू दिला नाही."

"मला आहे."

एरवी अशा वेळी मला काहीतरी विनोदी सुचतं. सुचलं नाही, आणि बरं झालं.

"इंगळेबाईंना कळवलंत?"

"आधी तुम्हाला. त्यांना लिहून ठेवलंय, पाठवलं नाही."

"पाठवा. माझ्यासमोर."

दुपारचे साडेबारा. तिच्याकडे ऑफिस नुकतं उघडलं असेल. पाठवलं. उत्तर अजून नाही.

मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागितलं. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, तू शिकवलेल्या जागी, लिहिलं: मिळाले. खाली सही, सहीखाली आजची तारीख.

"वहिनी, म्हणजे..."

"म्हणजे मिळालं. एवढंच." पानं त्यांनी माझ्या हातात दिली. "छापा जसंच्या तसं. आणि जॅकेट त्या खुंटीला लावा. दारामागच्या."

ती खुंटी तू तुझ्या उंचीने ठोकली होतीस, पालव. मी टाचा उंचावल्या, दुमडलेल्या बाह्या आधी सोडवल्या, आणि लावलं.